इचिजोदानी : असाकुरा घराण्याच्या राजधानीची पायी भेट

फुकुई शहराच्या आग्नेयेला डोंगरांच्या दोन रांगांमध्ये इचिजोदानी ही चिंचोळी दरी आहे. असाकुरा या सामुराई घराण्याने पाच पिढ्या, म्हणजे सुमारे शंभर वर्षे, येथून एचिझेन प्रांतावर राज्य केले आणि १५७३ मध्ये प्रतिस्पर्धी सरदार ओदा नोबुनागाच्या सैन्याने ही राजधानी जाळून टाकली. पुढे प्रांताचा कारभार आजच्या फुकुई शहराच्या जागी गेला, दरीत भातशेती सुरू झाली आणि जळालेले नगर मातीखाली जवळजवळ जसेच्या तसे राहिले. १९६७ पासून येथे उत्खनन सुरू आहे.

तोक्योहून फुकुईला शिंकान्सेन या वेगवान रेल्वेने साधारण तीन तास लागतात. क्योतोहून येणाऱ्यांना त्सुरुगा येथे गाडी बदलावी लागते. फुकुईहून छोट्या लोकल गाडीने इचिजोदानी स्थानक पाव तासाच्या अंतरावर आहे. मात्र दोन गाड्यांमध्ये बराच वेळ जातो, म्हणून परतीची वेळ निघण्यापूर्वीच टिपून ठेवावी. बसचाही पर्याय आहे.

स्थानकाजवळचे संग्रहालय २०२२ मध्ये सुरू झाले. अवशेषांकडे जाण्यापूर्वी ते पाहावे, असा माझा आग्रह आहे, कारण शेवटचा अधिपती योशिकागे याच्या वाड्याचा काही भाग तेथे मूळ आकारात उभारलेला आहे आणि तो पाहिल्यावर दरीतील नुसती जोती बोलू लागतात. उत्खननात सापडलेल्या शोगीच्या, म्हणजे जपानी बुद्धिबळाच्या, लाकडी सोंगट्यांमध्ये ‘मद्यधुंद हत्ती’ ही सोंगटीही आहे. पुढे हा मोहरा खेळातून वगळला गेला. वैद्याच्या घराच्या जागी वैद्यकग्रंथाची जळकी पानेही मिळाली आहेत. असाकुरांच्या काळात या दरीत वैद्यकाचे पुस्तक छापले गेले होते, हे कळल्यावर त्या काळ्या तुकड्यांसमोरून हलणे मला अवघड झाले.

संग्रहालयापासून दरीत चालत शिरावे. प्रथम ‘शिमो-किदो’ लागतो. हा नगराचा खालचा दरवाजा प्रचंड शिळांनी बांधलेला असून वरचा दरवाजा येथून १.७ किलोमीटरवर आहे. या दोहोंमध्ये सगळे नगर सामावले होते. घराण्याच्या उत्कर्षाचे मर्म मला येथेच उमगले. मूळचे ताजिमा प्रांतातील असाकुरा हे एचिझेनचे सुभेदार असलेल्या शिबा घराण्याचे सेवक होते. पूर्वेचा आणि पश्चिमेचा अशा दोन पक्षांमधील ओनिन युद्ध ही यादवी चालू असताना १४७१ मध्ये घराण्याचा प्रमुख ताकाकागे याने पश्चिमेचा पक्ष सोडून पूर्वेचा धरला आणि प्रांत आपल्या हाती घेतला. त्याच्या नावावर असलेल्या सतरा कलमांमध्ये प्रांतात दुसरा किल्ला असू नये, मोठ्या सरदारांनी इचिजोदानीतच राहावे आणि एका महागड्या तलवारीऐवजी त्याच पैशांत शंभर भाले घ्यावेत, असे बजावलेले आहे.

पुनर्बांधणी केलेली सुमारे दोनशे मीटरची गल्ली याच मार्गावर आहे. तेथील घरे उत्खननात सापडलेल्या जोत्यांवरच उभारली आहेत. नदीपलीकडे योशिकागेच्या वाड्याची जागा आहे. वरच्या अंगाला युदोनो आणि सुवा-याकाता या बागा आहेत. युदोनोतील उभे, ओबडधोबड दगड घाईने पाहू नयेत. वाटेतील पायऱ्या शेवाळामुळे निसरड्या होतात, त्यामुळे चांगली पकड असलेले बूटच घालावेत.

१५६७ मध्ये शोगुनपदाचा, म्हणजे जपानच्या लष्करी शासकपदाचा, दावेदार आशिकागा योशिआकी येथे आश्रयाला आला होता. त्याला घेऊन क्योतोवर चालून जाण्याची संधी योशिकागेने दवडली, आणि पुढच्याच वर्षी नोबुनागाने ती साधली. इतिहासकार योशिकागेला कचखाऊ ठरवतात. मला हा निवाडा थोडा कठोर वाटतो: शेजारच्या कागा प्रांतातील इक्को-इक्की या सशस्त्र बौद्ध पंथीयांची धास्ती जुनी होती आणि १५६८ मध्ये त्याचा कोवळा मुलगाही वारला. तरीही १५७० मध्ये शेजारचा सरदार आझाई नागामासा याने नोबुनागाशी फारकत घेऊन योशिकागेला साथ दिल्यानंतर मिळालेली उसंत त्याने वाया घालवली, हे नाकारता येत नाही. १५७३ मध्ये तोनेझाका येथील लढाईत त्याचे सैन्य मोडले, दरी तीन दिवस जळत राहिली असे सांगतात, आणि ओनोकडे पळालेल्या योशिकागेला त्याच्याच भाऊबंदाने, कागेआकिराने, दगा दिला.

हिवाळ्यात येथे भरपूर बर्फ पडतो. वसंत किंवा शरद ऋतू निवडावा. सोमवारी संग्रहालय बंद असते. शाकाहारींनी डबा सोबत ठेवावा, कारण येथील प्रसिद्ध ओरोशी सोबाच्या (किसलेला मुळा घातलेल्या शेवयांच्या) रश्शात बहुधा मासळीचा अर्क असतो. हाताशी वेळ असल्यास त्याच लोकल गाडीने पुढे एचिझेन-ओनोला जावे. योशिकागेची समाधी तेथे आहे.