जुना फ्लॅट विकण्याआधी हातोडा कुठे मारायचा

जुन्या फ्लॅटवर पैसे घालून तो चांगल्या भावाने विकायचा, असं ठरलं की पहिला फोन जातो इंटिरियरवाल्याला. तो सोसायटीच्या सेक्रेटरीला जायला हवा. मुंबई, ठाणे, पुण्यात तीस-चाळीस वर्षं जुन्या इमारतीत पुनर्विकासाचा विषय कधी ना कधी निघतोच. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ अ खालच्या पुनर्विकासाच्या नियमांप्रमाणे सभा झाली आहे का, सल्लागार नेमला आहे का, विचारून घ्या. इमारत लवकरच पडणार असेल तर घेणारा नव्या घराचं कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ), कॉर्पस (बिल्डर देतो ती एकरकमी रक्कम) आणि मधल्या काळाचं भाडं बघतो. तुमच्या टाइल्स त्याच्या हिशेबात कुठेच नसतात. अशा घरातली गळती थांबवा, पांढरा रंग मारा आणि सोडून द्या.

पुनर्विकास लांब असेल तर पुढचा कागद स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींना ते मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब खाली करावंच लागतं. अहवालात तुमच्या घरातल्या एखाद्या बीमला किंवा स्लॅबला दुरुस्ती सुचवली असेल तर आधी ती उरका.

आता पैसे कुठे जातात ते. घेणाऱ्याच्या बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, येतो तेव्हा तो कार्पेट, इमारतीचं वय, मजला, आजूबाजूचे व्यवहार आणि मंजूर नकाशा बघतो. फॉल्स सीलिंग आणि टीव्हीमागची लाकडी पट्ट्यांची भिंत यांना त्याच्या तक्त्यात रकाना नसतो. उलट बाल्कनी हॉलमध्ये घेतलेली दिसली, किंवा बेडरूमच्या कोपऱ्यात नकाशात नसलेलं बाथरूम दिसलं, की त्याचं पेन थांबतं आणि घेणाऱ्याचं कर्ज अडकतं. म्हणजे वाढीव जागा म्हणून केलेलं कामच भाव पाडतं. शिवाय नवं बाथरूम खालच्याच्या स्वयंपाकघराच्या डोक्यावर गेलं तर भांडण कायमचं. तिथला स्लॅब खाली घेतलेला नसल्याने ड्रेनेजला उतार द्यायला बाथरूम सहा-आठ इंच उचलावं लागतं, ते वेगळंच.

माझं मत सरळ आहे: जुन्या घरात पैसा मिळवून देतात त्या कोरड्या भिंती, भार पेलणारं वायरिंग आणि वापरता येणारं स्वयंपाकघर. त्यातही बाथरूम पहिलं, कारण बहुतेक ओल तिथूनच निघते.

बाथरूम करायचं तर स्लॅबपर्यंत फोडा. जुन्या बांधकामात टाइलखाली विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. वर्षानुवर्षं झिरपलेलं पाणी तो स्पंजासारखं धरून ठेवतो. कोबा तसाच ठेवून वर नवी टाइल लावली तर आत अडकलेलं पाणी खालच्या घरात पुढे कितीतरी आठवडे टपकत राहतं, आणि नवं काम फसलं असं सगळ्यांना वाटतं. चार बाय सातच्या बाथरूममधूनही राडारोड्याची इतकी पोती निघतात की लिफ्टची वेळ, पोती ठेवायची जागा आणि सोसायटीची अनामत हे आधीच ठरवलेलं बरं.

कामाचा क्रम चुकला की सगळं चुकतं. आधी प्लंबर, मग वॉटरप्रूफिंग, मग टाइल. जुने जीआयचे (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) पाइप आतून गंजून अर्धे बुजलेले असतात. ते ठेवायचे नाहीत. गरम-थंड दोन्ही लाइनी सीपीव्हीसीच्या, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकच्या घ्या. साधा यूपीव्हीसी पाइप गीझरच्या पाण्याने मऊ पडतो. जिथे नळ बसणार तिथला एल्बो (पाइपचा काटकोनी जोड) पितळी आट्यांचाच हवा. प्लास्टिकच्या आट्यांचा एल्बो नळ आवळताना चिरतो, आणि ती चीर टाइल लागल्यावर महिन्याभराने भिंतीवर उमटते. सांधे चिकटवल्यावर एक दिवस जाऊ द्या, मग सगळी तोंडं बुचांनी बंद करून हँडपंपाने पाण्याचा दाब द्या आणि दाबमापकाचा काटा रात्रभर तसाच राहतो का बघा. या चाचणीचा कंटाळा करणारा प्लंबर बदलावा.

नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतलं सांडपाण्याचं तोंड, ५० मिलिमीटर पाणी धरणारा घ्या. उथळ जाळीच्या ट्रॅपमधलं पाणी चार दिवसांत सुकतं आणि वास वर येतो. घर बघायला येणारा दारातच नाक मुरडतो तो त्यामुळे. पाइप स्लॅबमधून जिथे आरपार जातो तिथली फट साध्या सिमेंटने भरू नका. सिमेंट आकसतं, आणि गळतीची सगळ्यात नेहमीची जागा तीच. तिथे न आकसणारा ग्राउट, म्हणजे फट भरायचा मसाला, ओतायचा.

मग भिंत आणि जमीन मिळतात त्या काटकोनात सिमेंटचा गोल वाटा काढून घ्यायचा. कोपरा धारदार राहिला तर वॉटरप्रूफिंगचा थर नेमका तिथे फाटतो. स्लॅब तारेच्या ब्रशने घासून, ओला करून पॉलिमर-सिमेंटचे दोन हात द्या, पहिला आडवा आणि दुसरा उभा, मधे डब्यावर लिहिलेली वेळ पाळून. भिंतीवर सगळीकडे किमान एक फूट आणि शॉवरच्या बाजूला सहा-सात फुटांपर्यंत चढवा. थर सुकला की ट्रॅपचं तोंड बुजवून दोन इंच पाणी ४८ ते ७२ तास भरून ठेवायचं. खालच्या शेजाऱ्यांना आधी सांगा आणि त्यांच्या छताचा फोटो चाचणीच्या आधी आणि नंतर घ्या. ही चाचणी टाइल लावण्यापूर्वी करायची असते. टाइल लावून झाल्यावर पाणी भरून दाखवणारा कंत्राटदार तुम्हाला फक्त ट्रॅपचं बूच चांगलं आहे एवढंच दाखवतो. आणि थर मारून झाल्यावर कुणालाही छिन्नी हातात घेऊ द्यायची नाही. कमोडची जागा जरा इंचभर सरकवू, म्हणत प्लंबर परत येतो आणि सगळं वाया जातं.

जमिनीला एक फूट बाय एक फुटाची खरखरीत टाइल बसवा. दोन बाय चारची टाइल दुकानात देखणी दिसते, पण तिला ट्रॅपकडे चारही बाजूंनी उतार देता येत नाही. उतार ८० ला १ धरा. सात फूट लांबीत साधारण इंचभर उतार. बाहेरच्या खोलीपेक्षा बाथरूम अर्धा ते एक इंच खाली आणि दारात ग्रॅनाइटचा उंबरठा. चार बाय सातच्या बाथरूममध्ये सात फूट उंचीपर्यंत लावायचं तर जमीन २८ चौरस फूट, भिंती दार वगळून १४० च्या आसपास. दहा टक्के तुटफूट धरून १८५ चौरस फूट माल मागवा. एक पेटी जास्तीची ठेवा. दोन वर्षांनी तीच छटा मिळत नाही. व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, त्यामुळे सिमेंटच्या घोळावर ती नीट धरत नाही, ठोकली की पोकळ वाजते. तिला टाइल अॅडहेसिव्हच लागतं. सांध्यांत इपॉक्सी ग्राउट भरा. ते महाग पडतं आणि पटकन पुसलं नाही तर टाइलवर कायमचा धूसर पापुद्रा राहतो, म्हणून ज्याला सवय आहे त्याच्याकडूनच करून घ्या.

निदान एका संडासात वेस्टर्न कमोड हवाच. घरात म्हातारं माणूस असलेला ग्राहक पहिल्यांदा तेच बघतो. भिंतीला टांगलेला कमोड घ्यायचा झाला तर मागची टाकी बसायला भिंतीत खोली लागते. चार इंची भिंत कोरून ती बसवू नका, पुढे वेगळी भिंत घ्या. तेवढी जागा नसेल तर नाद सोडा.

वायरिंगचं गणित सोपं आहे. दिवे-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, प्लगला २.५, एसी आणि गीझरला ४, आणि त्यांची प्रत्येकी वेगळी लाइन थेट डीबीपर्यंत, म्हणजे घरातल्या एमसीबीच्या मुख्य पेटीपर्यंत. जुन्या घरांत बऱ्याचदा अॅल्युमिनियमची वायर असते आणि अर्थिंग नसतंच. डीबीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. तो बसवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून उगाच ट्रिप होऊ लागला तर बहुधा दोष यंत्राचा नसतो. इलेक्ट्रिशियनने दोन सर्किटच्या न्यूट्रल कुठेतरी एकत्र बांधलेल्या असतात, किंवा जुन्या गीझरच्या कॉइलमधून करंट गळत असतो. गीझर बंद करून बघा, मग न्यूट्रल शोधा. तीन एसी, गीझर आणि इंडक्शन मिळून नऊ-दहा किलोवॅटच्या घरात जातात. बिलावरचा मंजूर भार त्याच्या निम्मा असेल तर वाढीव भाराचा अर्ज काम सुरू करण्यापूर्वी टाका. भिंतीत झिऱ्या मारून पाइप टाकले, की गिलावा करण्याआधी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढा. हे फोटो घेणाऱ्याला दिले तर तो खूश होतो, आणि पुढे भिंतीत खिळा ठोकणाराही.

जमिनीबद्दल माझा एक हट्ट आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या फ्लॅटमध्ये मोझेकची फरशी असेल तर तिच्यावर टाइल चढवू नका. वर टाइल म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला वीस-पंचवीस किलो भार, सगळी दारं खालून कापणं आणि बाथरूमच्या उंबरठ्याची उंची बिघडणं. मोझेकचा वरचा थर घासून परत परत पॉलिश करता येतो. फुटलेल्या लाद्यांच्या जागी जुळणाऱ्या लाद्या बाजारात मिळणं कठीण. त्या काढायच्या कपाटाखालून किंवा ओट्याखालून, आणि तिथे साधी काहीही बसवायची. सांधे रंग मिसळलेल्या पांढऱ्या सिमेंटने भरून ते सुकू द्या, मग जाड दगडापासून बारीक दगडापर्यंत पाण्यावर घासणी आणि शेवटी ऑक्झॅलिक अॅसिड. घासताना निघणारी राबडी ट्रॅपमध्ये जाऊ द्यायची नाही, ती आत दगड होऊन बसते. आणि हे काम रंगाच्या आधी, कारण भिंतीच्या खालच्या फूटभर भागावर शिंतोडे उडतातच.

स्वयंपाकघरात ओटा २४ इंच खोल आणि ३२ ते ३४ इंच उंच ठेवा. बसवण्यापूर्वी घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या माणसाला कोपराखाली मोजून बघायला सांगा. विकायचं असेल तर ३३ वर थांबा. सिंकखालचं कपाट प्लायवूडचं करू नका. सायफन कधीतरी गळतोच. तिथे कडप्प्याच्या उभ्या फळ्या आणि फक्त दरवाजे लावा. दिसायला फरक नाही, वाळवी लागत नाही. बाकी कपाटांना आयएस ७१० शिक्क्याचं (पाणी सोसणारं मरीन) प्लायवूड, १८ मिलिमीटरचं. शिक्का प्रत्येक शीटवर बघा, पहिल्या शीटवर नव्हे. कापलेल्या कडांना यंत्रावर चिकटवलेली पट्टी हवी. हाताने फेविकॉल लावून मारलेली पट्टी पहिल्या पावसाळ्यात सुटते. फ्रिज, मायक्रोवेव्ह, मिक्सर, प्युरिफायर आणि चिमणीला वेगवेगळे पॉइंट द्या. चिमणीचा पाइप सहा इंची आणि दोनपेक्षा जास्त वळणं नकोत. पाइप गॅस असेल तर लाइन कपाटात कोंडायची नाही आणि जागा स्वतः बदलायची नाही, गॅस कंपनीकडे अर्ज करायचा.

फॉल्स सीलिंगवर फार लिहीत नाही. नऊ फुटांच्या छताचं साडेआठ होतं आणि वरच्या मजल्याची ओल आत लपून राहते. जुन्या इमारतीतले खरेदीदार आता शहाणे झालेत. नवीन पीओपी दिसलं की त्यामागे काय आहे, ते विचारतात. स्लॅबची सळई गंजून प्लास्टर फुगलं असेल तर ते उघडंच दिसू द्या, दुरुस्त करा आणि रंगवा. सामान ठेवायचा माळा मात्र ठेवा. मुंबईत माळ्याला गिऱ्हाईक आहे.

रंग शेवटी, आणि पावसाळा संपून भिंती सुकल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर. बाहेरची भिंत ओली असताना आत पुट्टी मारली तर जानेवारीत पोपडे पडतात. त्याआधी खिडक्या बघा. स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने पाणी जायची भोकं मोकळी आहेत का, खिडकीच्या कट्ट्याचा उतार बाहेर आहे का. सिलिकॉन भरणारे कारागीर ही भोकंही सिलिकॉनने बुजवून टाकतात. मग ट्रॅकमध्ये तुंबलेलं पाणी घरात येतं आणि दोष खिडकीला मिळतो.

सगळ्या कामाची बिलं ठेवा, रोख-बिनबिलाचं काम टाळा. विक्रीवर भांडवली नफा काढताना घराच्या सुधारणेवरचा खर्च वजा धरता येतो. नुसता रंग आणि किरकोळ दुरुस्ती त्यात बसत नाही, आणि सोफा-पलंगासारख्या हलत्या वस्तू तर नाहीच. म्हणून कंत्राटदाराला एकाच ओळीत ‘इंटिरियर काम’ असं बिल लिहू देऊ नका; प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, वायरिंग, फर्निचर वेगवेगळं लिहून घ्या आणि पैसे चेकने द्या. त्याच फायलीत सोसायटीचं परवानगीपत्र, पाणी भरलेल्या चाचणीचे तारखेसह फोटो आणि वॉटरप्रूफिंगचं हमीपत्र लावा. हमीपत्रावर फ्लॅट नंबर आहे का बघा. नुसत्या मालकाच्या नावाचं असेल तर नव्या मालकाला ते उपयोगी पडेलच असं नाही.