हिक्सनबाईंचा माग : वहीचा दुसरा भाग

मंडळी, मार्पलची बाराही प्रकरणं एकदाची संपली. बीबीसीने 1984 ते 1992 मध्ये अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पल या म्हाताऱ्या हौशी गुप्तहेर बाईच्या सगळ्या बारा कादंबऱ्या ब्रिटिश अभिनेत्री जोन हिक्सनला घेऊन केल्या. पहिली दाखवली तेव्हा बाई 78 वर्षांच्या होत्या. आपल्याकडे या वयात नातवंडं हातातला रिमोटसुद्धा काढून घेतात.

आता वहीत नवं पान. त्याआधीची पन्नास वर्षं ही बाई मोलकरीण, घरमालकीण, नर्स अशा कामांत वावरत होती, ती शोधायची. श्रेयनामावलीत नाव बरंच खाली, त्यामुळे डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. 'कॅरी ऑन कॉन्स्टेबल' या विनोदी चित्रपटात मी चहा टाकायला उठले आणि बाई येऊन गेल्या. पुन्हा मागे नेऊन पाहिलं. 'कॅरी ऑन नर्स'मध्ये मात्र वॉर्डची सिस्टर आहे, सहज सापडते.

या महिन्यातलं घबाड म्हणजे 'सेव्हन डेज टू नून' (1950). लंडन अणुबॉम्बने उडवायची धमकी देऊन पळालेला शास्त्रज्ञ एका मांजरवाल्या बाईंकडे खोली घेतो. तो रात्रभर येरझाऱ्या घालतो, बाईंना संशय येतो आणि त्या पोलिसांत जातात. संशयाचं कारण चुकीचं, माणूस मात्र नेमका तोच! मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

आणि 'मर्डर, शी सेड' (1961). हा पुन्हा, खास शेजारी-शेजारी लावून पाहिला. गोष्ट '4.50 फ्रॉम पॅडिंग्टन'चीच. मार्गारेट रदरफर्डची मार्पल कामवाली बनून त्या घरात शिरते, आणि तिथे कामाला असलेली मिसेस किडर कोण, तर आपल्या हिक्सनबाई. 1987 मध्ये बीबीसीने तीच कादंबरी केली तेव्हा त्याच बाई मार्पल! 26 वर्षांत स्वयंपाकघरातून थेट आरामखुर्चीत. रदरफर्ड हनुवटी, खांदे, अंगावरचा झगा, सगळ्यांनिशी अभिनय करते आणि मला ती आवडतेही. हिक्सन मात्र गप्प बसते. समोरचा बोलत असताना तिची नजर एखाद्या शब्दावर अडते, बस्स. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या दृश्यांत कडेला उभं राहिलेल्या माणसालाच हे ऐकणं जमत असावं, असा माझा अंदाज.

ख्रिस्तीने तर हे 1940 च्या दशकातच हेरलं होतं. आपल्या नाटकात तिला पाहून, कधीतरी तुम्ही माझी मार्पल कराल अशी आशा आहे, असं पत्र धाडलं होतं. तेव्हा हिक्सन चाळिशीची!

'बेडरूम फार्स' या नाटकासाठी तिला 1979 मध्ये टोनी हे अमेरिकेतलं रंगभूमीचं पारितोषिक मिळालं. पण रंगमंचावरचं ते काम आपण कुठून पाहणार? वहीतल्या त्या रांगेत नुसती फुली मारली आहे.

पुढच्या रविवारी 'द कार्ड' (1952). चहा आधीच करून ठेवणार.