जुन्यांचा पगार नव्यांच्या पातळीवर आणताना: माझा अनुभव

चाकणच्या एका ऑटो कंपोनंट कंपनीच्या डिझाइन विभागात मी फ्रेशर म्हणून लागले आणि तिथेच टिकले. तेवढ्याच अनुभवाचे लोक बाहेरून आले, तेच काम करू लागले, आणि त्यांचा पगार माझ्यापेक्षा बराच जास्त होता. ही तफावत दुरुस्त करून घेताना जे कळलं ते लिहिते, कारण पिंपरी-चिंचवड, चाकण, हिंजवडीत हीच तक्रार जवळपास प्रत्येक टीममध्ये आहे आणि बहुतेक जण ती चुकीच्या वेळी, चुकीच्या शब्दांत मांडतात.

आधी कारण. नव्या माणसाचा पगार भरतीच्या बजेटमधून येतो आणि तो बाजारभावाने ठरतो. जुन्या माणसाची वाढ वार्षिक इन्क्रिमेंटच्या बजेटमधून येते आणि ते टक्क्यांत बांधलेलं असतं. ६ लाखांवर लागलेल्याला दर वर्षी ८ टक्के मिळाले तर सहा वर्षांनी तो ९.५२ लाखांवर असतो. त्याच सहापैकी दोन वर्षी कंपनी बदलून ३० टक्के आणि बाकी वर्षी ८ टक्केच घेणारा १३.८ लाखांच्या आसपास पोचतो. कोणी मुद्दाम अन्याय केलेला नसला तरी अन्याय झालेला असतोच. मॅनेजरला या बजेटमधून त्या बजेटमध्ये एक रुपयाही हलवता येत नाही. म्हणून अप्रेझलच्या मीटिंगमध्ये हा विषय काढणं फुकट जातं: तोवर टक्के वाटून झालेले असतात. पगारवाढीची सायकल एप्रिलची असेल तर ऑक्टोबर ते डिसेंबर ही वेळ. पुढच्या वर्षाचं बजेट तेव्हा बनत असतं आणि ‘मार्केट करेक्शन’ (बाजारभावाशी जुळवण्यासाठीची दुरुस्ती) म्हणून वेगळी रक्कम मागायला मॅनेजरला जागा असते.

मग तुलना. इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण एचआर पहिला घाव इथेच घालतं. सीटीसीची (कंपनीला वर्षाला पडणाऱ्या एकूण खर्चाची) सीटीसीशी तुलना करू नका. १३.८ लाखांत १ लाख जॉइनिंग बोनस असेल तर तो एकदाच मिळतो. १० टक्के व्हेरिएबल (कामगिरीवर अवलंबून असलेला भाग) म्हणजे १.३८ लाख, तेही पूर्ण मिळेलच असं नाही. दोन्ही वजा केल्यावर फिक्स्ड उरतो ११.४२ लाख. जुन्याच्या, म्हणजे माझ्या, बाजूला ९.५२ मधून ५० हजार व्हेरिएबल काढलं की ९.०२. कागदावर ४.२८ लाखांची दिसणारी दरी खरी २.४ लाखांची निघते. हा छोटा आकडा मागितला तर कोणी तो खोडू शकत नाही.

हातात येणारा पगार तर आणखी फसवतो. जुन्यांचा पीएफ बऱ्याचदा पूर्ण बेसिकवर (मूळ पगारावर) कापला जातो, नव्यांचा १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे महिना १,८००. बेसिक ३०,००० असेल तर माझे ३,६०० जातात आणि कंपनीचे तेवढेच सीटीसीतून. दोन्ही बाजू धरून महिन्याला ३,६०० चा, वर्षाला ४३,२०० चा फरक. तो पैसा आपल्याच पासबुकात आहे. त्याला तफावत म्हणू नये. ग्रॅच्युइटीचे बेसिकच्या ४.८१ टक्के आणि मेडिक्लेमचा हप्ता सीटीसीत धरला आहे का, हेही दोन्हीकडे सारखं करून घ्या.

नव्या सहकाऱ्याची पगारपावती पुरावा म्हणून दाखवायची नाही. बऱ्याच नेमणूकपत्रांत पगार गोपनीय ठेवायची अट असते. अडचणीत तो येतो आणि चर्चा भलतीकडे जाते. बाजारभाव दाखवायला दोन-तीन कन्सल्टन्सींकडून त्या अनुभवाची रेंज विचारून घ्यावी, नोकरी डॉट कॉमवरच्या जाहिराती आणि कंपनीच्याच रेफरलच्या (ओळखीचे उमेदवार सुचवा म्हणणाऱ्या) मेल जोडाव्यात. एचआरला स्वतःचा बँड, म्हणजे त्या पातळीसाठी ठरलेला पगाराचा पट्टा, माहीत असतो. त्यांना विचारायचा प्रश्न एकच: बँडच्या मिडपॉइंटच्या (मधल्या आकड्याच्या) तुलनेत मी कुठे आहे? या प्रमाणाला ते कंपा रेशो म्हणतात. मिडपॉइंट ११ लाख धरला तर ९.०२ म्हणजे ८२ टक्के आणि ११.४२ म्हणजे १०४. साधारण ८० ते १२० हा पट्टा मानतात. सहा वर्षं काम केलेला माणूस तळाशी आणि कालचा मधल्या रेषेच्या वर, हे त्यांच्याच भाषेत दिसलं की ते नाकारणं कठीण जातं.

माझा कागद एका पानाचा होता. लागले तेव्हाचं काम आणि आताचं काम. कोणते फिक्स्चर (सुटा भाग पकडून ठेवणारी साधनं) आणि मोल्ड (साचे) स्वतंत्रपणे पूर्ण केले. नव्यांना शिकवतं कोण. शेवटी मी गेले तर होणारा खर्च: कन्सल्टन्सीचं कमिशन ८.३३ टक्के, म्हणजे १३.८ लाखांवर सुमारे १.१५ लाख, वर ९० दिवसांचा नोटीस पिरियड आणि नव्या माणसाला ग्राहकाची ड्रॉइंग स्टँडर्ड्स अंगवळणी पडेपर्यंतचा काळ. धमकीचा एक शब्दही नव्हता.

“सर, मला जादा इन्क्रिमेंट नकोय. बँडमधली जागा दुरुस्त करून हवी आहे.”

“मला पटतंय गं, पण वर आकडा काय सांगू?”

आकडा तयार होता, म्हणून बोलणं पुढे सरकलं. त्याच कागदाला मी दुसरा तक्ता जोडला: विभागातले सगळे जुने, नावं न घालता, फक्त सेवेची वर्षं आणि कामाची पातळी. एकट्याची दुरुस्ती झाली तर पुढच्या टेबलावर तोच अन्याय तसाच राहतो, आणि एचआरलाही ‘कंपा रेशो ८५ टक्क्यांखालचे सगळे’ असा नियम मंजूर करून घेणं एका नावापेक्षा सोपं जातं.

कायद्याचा आधार इथे फारसा नाही. १९७६ चा समान वेतन कायदा आणि त्याची जागा घेणारी २०१९ ची वेतन संहिता स्त्री-पुरुष भेदाबद्दल बोलतात. जुनी बाई आणि नवा पुरुष तेच काम करत असतील तर हा मुद्दा जरूर लिहा. शॉपफ्लोअरवरच्या कायम कामगारांचा पगार युनियनच्या करारातून ठरतो आणि तिथे उलटच दिसतं, ट्रेनी आणि कंत्राटी मागे राहतात. स्टाफला करार नसतो.

उत्तरादाखल काय येतं ते ओळखा. रिटेन्शन बोनस (टिकून राहावं म्हणून दिलेली रक्कम) घेऊ नका: तो एकदाच मिळतो, मधे सोडलं तर परत द्यावा लागतो आणि पुढची वाढ जुन्याच पगारावर लागते. नुसतं पदनाम बदलून मिळालं तर बँड वर जातो आणि तुम्ही नव्या बँडच्या तळाशी. ‘पुढच्या सायकलला बघू’ आलं तर महिना आणि टक्के मेलवर मागा. बाहेरची ऑफर आणून दबाव आणायचा तर खरोखर जायची तयारी हवी, राजीनामा स्वीकारला जातो.

माझी दुरुस्ती दोन हप्त्यांत मंजूर झाली. दोन्ही हप्त्यांच्या तारखा एकाच पत्रात लिहून घेतल्या, आणि बेसिकचा आकडाही. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर, १५ भागिले २६ गुणिले सेवेची वर्षं अशी काढतात, त्यामुळे बेसिक १,००० ने वाढलं की सहा वर्षांच्या सेवेवर जवळपास ३,४६० रुपये वाढतात. सगळी वाढ स्पेशल अलाउन्समध्ये टाकायचा प्रयत्न होतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनात धरला जातो, तरी पत्रात आकडा हवाच. पहिल्या पगारपावतीत फरकाची रक्कम मागच्या तारखेपासून आली आहे का ते पाहा, आणि तुमचा पीएफ पूर्ण बेसिकवर असेल तर फरकावरचा पीएफ ईपीएफओच्या पासबुकात चढला का तेही.