स्थळे पाहणे

मराठीत ‘स्थळ’ या एका शब्दाचे दोन संसार आहेत. सहलीच्या पत्रकावर ‘प्रेक्षणीय स्थळे’ छापलेली असतात, आणि घरात लग्नाची मुलगी असली की कोणीतरी ओसरीवर बसून घसा खाकरून सांगतो, “एक चांगले स्थळ आहे.” मागच्या माघात हे दोन्ही अर्थ माझ्या घरी एकदमच उतरले. पौष संपल्याबरोबर भाचीसाठी स्थळ पाहायला म्हणून माझी माय हिंगणघाटकडच्या माझ्या माहेरच्या खेड्यातून सेलूजवळच्या माझ्या गावी आली. घर नागपूरच्या अलीकडचे होते. तिथवर जायचेच आहे, तर चार दिवस नणंदेकडे राहून नागपुरातले आणि आसपासचे काही ऐतिहासिक वाडे, किल्ले आणि घरे मायला दाखवावी, असे मी ठरवले. तिला इतिहासाची आवड आहे असे नव्हे. पण घर पाहण्यात तिचा हात धरणारे आमच्या पंचक्रोशीत कोणी नाही.

आमच्याकडे घर पाहण्याची एक ठरलेली रीत आहे. पुरुषमंडळी ढेलजेत बसून किती एकर, त्यातले ओलिताचे किती, कापूस किती क्विंटल झाला, हे विचारतात आणि समोरचा सांगेल त्यातून मनातल्या मनात चौथाई वजा करतात. बाया मात्र हात धुण्याचे निमित्त करून सरळ आत शिरतात. विहीर किती पावलांवर आहे, चुलीचा धूर कुठून बाहेर पडतो, कोठ्यातल्या गाईच्या फासळ्या दिसतात का, सांदवाडीत सांडपाणी तुंबले आहे का, हे सगळे त्या हात धुऊन परत येईपर्यंत पाहून घेतात. माझे लग्न ठरले तेव्हा माझे वडील सासऱ्यांशी तासभर शेतीचे बोलत बसले होते. माय मागून आली आणि त्यांच्या कानाशी एवढेच म्हणाली, “विहीर घरात आहे. देऊन टाका पोरगी.” माझ्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा निकाल त्या एका वाक्यात लागला, आणि तो चुकीचा लागला असे मी अजून तरी म्हणत नाही.

तर अशी ही परीक्षक घेऊन मी पहिल्यांदा महालात गेले. नागपूरचा ‘महाल’ हा भाग परगावच्या माणसाला चकवतो, कारण महाल शोधत तो बराच वेळ महालातच फिरत राहतो. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी हे शहर वसवले, त्याच्यामागून चांद सुलतानाने आपली राजधानी इथे आणून शहराला कोट घातला, आणि पुढे रघूजी भोसल्यांनी याच जागेवरून बंगालपर्यंत घोडी दामटली. भोसल्यांचा मुख्य राजवाडा काळ्या दगडाचा होता आणि त्यावर लाकडी कोरीवकाम इतके होते, की १८६४ साली आग लागली तेव्हा तो वाचवता आला नाही. उरला तो मोठा दरवाजा. आज भोसले घराण्याचा जो वाडा आहे, तो नांदते घर आहे, त्यामुळे तिथे उगीच डोकावणे मला प्रशस्त वाटले नाही. तान्हा पोळ्याला त्यांचा तो भलामोठा लाकडी बैल बाहेर येतो, तेव्हा सारे नागपूर त्यांच्या दारी असतेच.

राजवाडा जळण्याच्या दहा वर्षे आधी झालेली गोष्ट मी मायला तिथेच रस्त्याच्या कडेला उभ्याने सांगितली. तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात मुलाविना वारले, कंपनी सरकारने वारस नाही म्हणून राज्य खालसा केले, आणि मग राण्या वाड्यात असतानाच त्यांचे हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले, जडजवाहीर कलकत्त्याला रवाना झाले. हत्तींचे मायला काही वाटले नाही. तिने विचारले, “बैलही नेले?” मी हो म्हटल्यावर तिने त्या दरवाजाकडे पुन्हा एकदा पाहिले. दारचे बैल दुसऱ्याने सोडून नेणे म्हणजे काय, हे कर्जाच्या वर्षांतून गेलेल्या आमच्या गावाला समजावून सांगावे लागत नाही. निकाल तिने चालता चालता दिला: “घर मोठं होतं, पण आत बाया किती अन् कर्ता माणूस एकही नाई. असं घर टिकत नाई.” बाकाबाईचे नाव तिला ठाऊक होते, पण ते राणी म्हणून नव्हे, नागपुरात दरवर्षी मिरवून जाळतात त्या काळ्या मारबतीच्या पुतळ्याशी लोकांनी जोडलेली बाई म्हणून. बायकांना इतिहासात जागा मिळते ती अशी, असे माझ्या मनात आले. मात्र मायने तोवर रस्ता ओलांडला होता.

सव्वीस जानेवारीला सीताबर्डीच्या किल्ल्यावर जाता आले, हा योगच म्हणायचा, कारण किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने सामान्य माणसाला तो वर्षातून तीनच दिवस, म्हणजे प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन आणि स्वातंत्र्य दिन या दिवशी पाहायला मिळतो. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ या दोन दिवसांत अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांच्यात इथल्या दोन टेकड्यांवर लढाई झाली आणि नागपूरचे राज्य खरे तर तेव्हाच हातचे गेले. पुढची छत्तीस वर्षे ही नुसती गादी होती. किल्ला बांधला तो लढाईनंतर, इंग्रजांनी. मायने वरून चहूकडे नजर फिरवली, रेल्वेचे रूळ पाहिले, इमारती पाहिल्या आणि म्हणाली, “हे घर नव्हे. हा राखणीचा मचाण.” तिच्या लेखी इतिहासात घर आणि मचाण असे दोनच वर्ग असावेत. उतरल्यावर जवळच असलेला झिरो माइलचा खांब दाखवला. इंग्रजांच्या मोजणीखात्याने उभारलेल्या त्या दगडावर हैदराबाद, चांदा, शिवनी, छिंदवाडा अशा गावांची अंतरे मैलांत कोरलेली आहेत. बाजूला चार घोडे पाय उचलून उभे आहेत. त्या यादीत हिंगणघाट नाही, एवढ्यावर तिने तो विषय संपवला.

विधानभवन आणि हायकोर्टाची देखणी इमारत आम्ही ऑटोतूनच पाहिली. १८६१ साली झालेल्या मध्य प्रांताची, १९०३ मध्ये वऱ्हाड जोडल्यावर त्या मोठ्या प्रांताची आणि स्वातंत्र्यानंतर काही वर्षे मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि राजधानीही गेली. तिच्या जागी आले ते हिवाळी अधिवेशन. आमच्या गावातले जुने लोक ‘राजधानी गेली’ हे शब्द ज्या सुरात उच्चारत, त्या सुरात मी दुसरे एकच वाक्य ऐकले आहे, ते म्हणजे ‘गवळाऊ बैलांची जोडी विकली’.

परंतु राजधानी जाण्याचे दुःख एकट्या नागपूरचे नाही, हे तिसऱ्या दिवशी नगरधनला कळते. रामटेकच्या दक्षिणेला असलेले हे नगरधन आज साधे खेडे आहे. बाहेर धानाची बांधी, गावात कवेलूची घरे, आणि मध्ये भोसल्यांच्या काळात उभा राहिलेला, आता डागडुजी केलेला किल्ला. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी हेच नंदिवर्धन होते आणि वाकाटकांची राजधानी होते. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याने आपली लेक प्रभावतीगुप्ता या घरी दिली. नवरा, दुसरा रुद्रसेन, लवकर वारला, मुले लहान, आणि मग युवराज दिवाकरसेनाच्या नावाने या बाईने निदान तेरा वर्षे राज्य चालवले. नंदिवर्धनाहून दिलेला तिचा एक ताम्रपट पुण्यात सापडला, म्हणून त्याला पुणे ताम्रपट म्हणतात. त्यात तिने वंशावळ दिली आहे ती सासरची नव्हे, माहेरची, आणि गोत्रही बापाचेच लावले आहे. अलीकडच्या काळात इथे उत्खनन झाले, तेव्हा तिच्या नावाचा मातीचा एक लंबगोल शिक्का सापडला. त्यावर ब्राह्मी अक्षरे आणि शंख आहे. वजन जेमतेम सहा-साडेसहा ग्रॅम, म्हणजे कानातल्या जोडाएवढे.

मायला मी हे किल्ल्यातल्या विहिरीच्या पायऱ्यांवर बसून सांगितले, कारण ती विहीर सोडून उठायला तयार नव्हती. पायऱ्या उतरून जावे, आत गारवा, आणि विहिरीला लागून पोटात देवीचे ठाणे. सगळ्या दौऱ्यात तिला पहिल्यांदा काही मनापासून आवडले असेल तर ते हे. पाटलीपुत्राकडून या आडगावी लेक देणाऱ्या बापाचा तिला आधी राग आला, एवढ्या दूर कोणी पोरगी देते का, म्हणून. मग ताम्रपटाचे ऐकून ती थबकली.

“माहेरचं गोत्र लावे? अन् सासरच्यांनी लावू देल्लं?”

“राज्यच तिच्या हाती होतं ना माय.”

“हाव. मंग कोण बोलते!”

त्यानंतर परतीच्या बसमध्ये ती बराच वेळ गप्प होती. तिचे स्वतःचे माहेर वणीकडचे. ते नाव तिच्या रेशनकार्डावर नाही, सातबाऱ्यावर नाही, कुठेच नाही. वाकाटकांची राजधानीही पुढे हलली. प्रभावतीचा मुलगा दुसरा प्रवरसेन याने प्रवरपूर वसवले. ते कोणी रामटेकजवळच्या मनसरला मानतात, तर इतिहाससंशोधक वासुदेव विष्णू मिराशींनी ते आमच्या वर्ध्याजवळच्या पवनारला ठरवले. विनोबांच्या आश्रमाची जमीन खणताना तिथे जुनी शिल्पे निघाली, त्यात भरत-रामाच्या भेटीचेही एक होते, त्यामुळे वर्ध्याच्या बाजूने बोलायला मला आवडते. पण मनसरची टेकडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्याशी मी पैज लावणार नाही.

दरम्यान, ज्यासाठी निघालो होतो ते खरे स्थळही पाहून झाले. घर पक्के, स्लॅबचे, मुलगा नोकरीचा. पण स्वयंपाकघराला खिडकी नव्हती आणि मुलाच्या आईने चार वेळा आपल्या फ्रिजचा उल्लेख केला. मायने चहा घेतला, सुपारी घेतली नाही. आमच्याकडे याहून स्पष्ट बोलायची गरज पडत नाही.

शेवटचे घर सेवाग्रामचे. नागपुराहून परत येताना वर्ध्याला उतरून तिथे जायचे होते. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी या गावी आले तेव्हा त्याचे नाव शेगाव होते. गजानन महाराजांच्या शेगावाशी टपालाचा घोळ होई, म्हणून १९४० मध्ये ते सेवाग्राम झाले. त्या वर्षांत देशाची राजधानी दिल्ली होती खरी, पण देशाचे पुढारी वर्ध्याच्या स्टेशनावर उतरून धुळीच्या रस्त्याने या खेड्यात येत, आणि जुलै १९४२ मध्ये इंग्रजांनी देश सोडून जावे हा ठराव काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यातच केला. सर्वांत आधी झालेल्या आदि निवासात गांधीजी, कस्तुरबा, सहकारी, पाहुणे असे सारे एकत्र राहत. बापू कुटी मुळात मीराबेनची. भिंतीवर मातीतच उठवलेली ताडाची झाडे आणि चरखा तिच्या हातचा आहे. कुडाच्या भिंती, बांबू, वर कवेलू. आत बैठक, लिहिण्याचे लहान डेस्क, साप पकडून दूर सोडण्याचा पिंजरा, आणि शेजारी व्हाइसरॉयशी बोलता यावे म्हणून बसवलेला टेलिफोन.

मायने टेलिफोन पाहिला नाही. तिने न्हाणीघर पाहिले, संडास पाहिला, पाणी उताराने नीट वाहून जाते हे पाहिले आणि मान डोलावली. मग वाकून भुईवर तळहात फिरवला. सारवणाला तडे आहेत का, शेण जास्त झाले की माती, हे ती बोटांनी वाचते. आपल्या डोळ्यांना दिसते ती नुसती जमीन. “चांगल्या हातचं आहे,” ती म्हणाली. भोसल्यांच्या दरवाजाला न मिळालेले प्रमाणपत्र या कुडाच्या खोलीला मिळाले, याचे मला हसू आले.

बा कुटीशी मात्र ती अडली. एवढ्या पुरुषांच्या राबत्यात कस्तुरबांना आडोसाच नव्हता, म्हणून जमनालाल बजाजांनी गांधीजींची परवानगी मागून ही वेगळी कुटी बांधवली, हे मी तिला सांगितले. “नवऱ्याच्या ध्यानात नाई आलं, पाहुण्याच्या आलं,” माय म्हणाली. मग विचारले, “किती वर्सं राहिली इथं?” मी म्हटले, १९४२ च्या ऑगस्टात त्या मुंबईला गेल्या, तिथून पकडून पुण्याच्या आगाखान महालात नेल्या, आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी तिथेच गेल्या, या घरी परतल्या नाहीत. ती काही बोलली नाही. ओसरीच्या कडेला टेकली, पायातली चप्पल नीट जुळवून बाजूला ठेवली.

तेवढ्यात आश्रमातली एक बाई झाडू घेऊन आली, आणि मायने तिला हाक मारली, “बाई, सारवनाले माती कोठची आणता? पांढरी?” ती बाई थांबली. मग पांढरी माती आता कुठे मिळत नाही, पूर्वी अमक्या नाल्याकाठी मिळे, शेण गाईचेच हवे, म्हशीचे चालत नाही, पावसाळ्याआधी एक हात द्यावाच लागतो, असे दोघींचे जे सुरू झाले, ते बसची वेळ झाली तरी संपेना. मी फाटकाशी जाऊन दोनदा हाक मारली. वर्ध्याची बस आमच्यादेखत निघून गेली, आणि माय त्या बाईला तिचे माहेर कोणते ते विचारत होती.