तुम्ही विचारलंत म्हणून: लॅन केबलला फिल्टर लावल्यावर गाणं खरंच सुधारतं का?

माझ्या घरी गाणं ऐकायला येणारे हा प्रश्न हमखास विचारतात. राउटर आणि स्ट्रीमर (नेटवर्कवरून गाणं घेऊन वाजवणारं उपकरण) यांच्यामध्ये छोटी धातूची डबी बसवायची, ती नेटवर्कवरचा नॉइज गाळते आणि आवाज मोकळा होतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं. माझं उत्तर असं: गाण्याच्या डेट्याला ती डबी हातही लावत नाही. केबलमधून वीज चोरपावलांनी येत असेल, तर मात्र ती उपयोगी पडू शकते.

आधी डेट्याचं. सीडीच्या दर्जाचं संगीत सेकंदाला 1,411 किलोबिट घेतं, 24 बिट/192 किलोहर्ट्झचं साधारण 9.2 मेगाबिट. साधी 100 मेगाबिटची लाइनही त्याला भरपूर होते. प्रत्येक पॅकेट तपासलं जातं आणि बिघडलेलं पुन्हा मागवलं जातं. आलेला डेटा स्ट्रीमरच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, जमा होतो आणि तिथून डॅक (आकड्यांतला डेटा आवाजाच्या विद्युत संकेतात बदलणारा भाग) स्वतःच्या घड्याळाच्या तालावर तो वाजवतो. त्यामुळे फिल्टर लावल्यावर ‘तानेतले बारीक दाणे दिसायला लागले’ असं कुणी म्हणालं, तर त्याचं श्रेय डेट्याला देता येत नाही.

आता विजेचं. खरी गंमत इथेच आहे. लॅपटॉप दोन पिनांच्या चार्जरवर असताना त्याच्या धातूच्या अंगावरून बोटं फिरवली की मुंग्या येतात, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवलंय. चार्जरमधल्या कपॅसिटरमधून थोडा करंट सतत गळत असतो, त्याचा तो परिणाम. राउटर, स्विच, सेट-टॉप बॉक्स यांचे अडॅप्टर त्याच जातीचे. हा गळका करंट जमिनीकडे वाट शोधतो आणि ती वाट तुमच्या ॲम्प्लिफायरमधून गेली तर ऐकू येते.

लॅनच्या पोर्टमध्ये मुळातच एक चिमुकला ट्रान्सफॉर्मर असतो. इथरनेटच्या मानकानुसार त्याने 1,500 व्होल्टची चाचणी सोसायची असते. 50 हर्ट्झची घरघर तिथेच अडते. उच्च वारंवारतेचा नॉइज मात्र ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्यांमधून थोडा झिरपतो. फिल्टरच्या डबीत बहुधा आणखी एक ट्रान्सफॉर्मर आणि चोक (असा नॉइज अडवणारी तारेची गुंडाळी) असतो, तो हा झिरपा कमी करतो. चांगल्या बनावटीच्या डॅकच्या आउटपुटवर त्याने मोजता येण्याजोगा फरक सहसा पडत नाही, कारण डॅकनेच ते काम आधी केलेलं असतं.

मग घरघर येते कुठून? पुष्कळदा शील्डेड केबलमधून. ‘भारीतली’ म्हणून आणलेल्या केबलचं धातूचं आवरण दोन्ही टोकांच्या उपकरणांचं अर्थिंग एकमेकांना जोडतं आणि ट्रान्सफॉर्मरला वळसा घालून वाट तयार होते. घरासाठी साधी, विनाआवरणाची कॅट-6 केबल घ्या. स्वस्तही पडते.

आपल्या संगीतात ही घरघर जास्तच छळते. काळी एकचा (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज धरून लावलेला) तानपुरा घ्या. त्याचा खर्ज, म्हणजे खालचा षड्ज, साधारण 69 हर्ट्झवर. विजेची घरघर 50 आणि 100 वर. त्या खर्जाशी ताडून पाहिलं तर 100 हर्ट्झ तीव्र मध्यमाच्या थोडं वर, पंचमाच्या बरंच खाली पडतं. जोडीच्या (तानपुऱ्याच्या मधल्या दोन तारांच्या) नितळ नादात एक बेसूर माणूस येऊन बसावा तसं ते वाटतं. विलंबितात, दोन आलापांमधल्या शांततेत तर फारच.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी एक करून पाहा. गाणं चालू असताना घरातल्या कुणाला तरी तुमच्या पाठीमागून लॅन केबल काढायला सांगा. बफरमुळे गाणं काही वेळ चालू राहतं. केबल कधी निघाली हे कानाला कळलं नाही, तर फिल्टरने वेगळं काही कळणार नाही. नंतर गाणं थांबवून, आवाज नेहमीइतका ठेवून, स्पीकरला कान लावा आणि केबल काढा-घाला. घरघर बदलली तर वाट लॅनमधून आहे. नाही बदलली, तर टीव्हीची केबल, यूएसबीने जोडलेला लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायरचं अर्थिंग एकेक करून तपासा.

लॅनच दोषी निघाली तरी माझी पसंती महागड्या डबीला नाही. दोन मीडिया कन्व्हर्टर (लॅनचा विद्युत संकेत प्रकाशात आणि प्रकाश पुन्हा विद्युत संकेतात बदलणाऱ्या डब्या) आणि मध्ये फायबरचा, म्हणजे काचेच्या तंतूचा, तुकडा, एवढं काही हजारांत होतं. काचेतून वीज वाहतच नाही, त्यामुळे तो मार्ग पूर्ण तुटतो. फक्त स्ट्रीमरकडच्या कन्व्हर्टरला चांगला अडॅप्टर द्या, नाहीतर नवा गळका करंट तुम्हीच आणून बसवाल. शिवाय वळवाच्या विजांत लॅनचे पोर्ट जळतात. राउटरकडून केबलवाटे येणारा तो झटकाही फायबर ओलांडू शकत नाही.