बागेसाठी अठरा माणसं तयार होती, अडलं फॉर्मच्या एका ओळीवर

आमच्या भागातल्या सार्वजनिक बागेसाठी रहिवाशांचा स्वयंसेवक गट सुरू होऊन आता वर्ष झालं. कसं केलंत असं बरेच जण विचारतात म्हणून लिहितेय, पण त्या फॉर्मचा राग अजून गेलेला नाहीये, तेवढं समजून घ्या.

माणसं जमवणं सोपं गेलं. बागेत रोज फिरायला येणाऱ्यांशीच बोलले, दोन रविवारांत अठरा नावं झाली. उद्यान विभागात देखभालीच्या परवानगीचा अर्ज दिला, तिथल्या साहेबांनी आनंदाने घेतला पण.

मग ती ओळ आली. 'कामादरम्यान अपघात अथवा नुकसान झाल्यास जबाबदार व्यक्ती.' मी माझं नाव लिहिलं. फॉर्म परत, एका व्यक्तीचं नाव चालत नाही, संस्था पाहिजे. आमची संस्था नोंदवलेली नाही. मग म्हणाले प्रत्येकाकडून हमीपत्र आणा, अठरा हमीपत्रं नेऊन दिली तर मसुदा विधी विभागाने तपासलेला नाही, आणि विधी विभाग म्हणतो उद्यान विभागाकडून फाईल आल्याशिवाय आम्ही बघत नाही. असे साडेचार महिने गेले हो, एका ओळीसाठी! कोणी 'नाही' पण म्हणत नव्हतं, म्हटलं असतं तर वर दाद तरी मागितली असती.

आणि या काळात बागेत नवी लावलेली झाडं डोळ्यांसमोर वाळत होती. नव्या झाडाला पहिली दोन-तीन वर्षं नियमित पाणी लागतं कारण मुळं अजून लांब गेलेली नसतात. त्याहून वाईट म्हणजे आधाराच्या काठीला बांधलेल्या दोऱ्या खोडात रुतायला लागलेल्या. पानांनी तयार केलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांपर्यंत जातं, तो थर चहूबाजूंनी आवळला की मुळं उपाशी राहतात आणि झाड हळूहळू मरतं. दोरी सैल करायला दोन मिनिटं लागतात, पण हात लावायची परवानगी नव्हती. तीन झाडं गेली. ते मी विसरणार नाही.

सुटलं कसं, तर तिथल्याच एका क्लार्क बाईंमुळे. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही नुसतं 'देखभाल' लिहिलंय, त्यांना वाटतंय तुम्ही झाडावर चढून फांद्या तोडणार." त्या रात्रीच एक पान लिहिलं. आम्ही काय करणार: तण काढणं, पाणी घालणं, आच्छादन पसरणं, कचरा उचलणं, दोऱ्या तपासणं. काय करणार नाही: शिडी, गवत कापायचं मशीन, फवारणी, विजेचं काहीही. सोबत लिहिलं की न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची देखभाल १९८० साली स्थापन झालेली एक ना-नफा संस्था शहराशी लेखी करार करून करते, तसा करार आमच्याशी पण करा, आमचं काम त्यापुढे अगदीच छोटं आहे. आठ दिवसांत फाईल हलली. गटाचा अपघात विमा आम्ही काढायचा, काम दाखवायला त्यांचा एक माणूस येणार, असं ठरलं. त्यामुळे परवानगी 'बागेची' मागू नका, कामांची यादी करून एकेका कामाची मागा.

पहिल्या दिवशी त्यांच्या माळीकाकांनी दाखवलं ते फार उपयोगी पडलं. पालापाचोळ्याचं आच्छादन पाच ते दहा सेंटिमीटर जाडीचं घालायचं पण खोडाला चिकटवायचं नाही, ओल धरून साल कुजते. आम्ही उत्साहाने ढीगच लावत होतो. तण पाऊस पडून गेल्यावर काढायचं, मुळासकट येतं.

हो, आणि जाड हातमोजे पहिल्याच दिवशी घ्या, झुडपाखाली फुटक्या काचा असतात. वेळ दोन तासांच्या वर ठेवू नका, पुढच्या वेळी निम्मे येत नाहीत. कोण आलं, कुठे किती पाणी घातलं याची वही ठेवा, विम्याला पण लागते.

सगळ्यात आधी सांगायला हवं होतं ते राहिलंच, प्रत्येक कागदाची पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासह. माझ्याकडे पहिल्या दोन अर्जांची नव्हती आणि ते अर्ज आलेच नाहीत असं मला तोंडावर सांगितलं गेलं. आमचा करार एका वर्षाचा आहे. नूतनीकरणाचा अर्ज यंदा दोन महिने आधीच दिलाय, सोबत ते पान जोडलंय, आणि पोच माझ्या कपाटात आहे.