पासपोर्टचा फोटो: मोठ्यांचा आणि तान्ह्यांचा
पासपोर्ट सेवा केंद्रात मोठ्या माणसांचा फोटो तिथेच काढला जातो, त्यामुळे बेळगावच्या खडेबाजारातील स्टुडिओत त्यासाठी आधी पैसे घालवण्याचे कारण नाही. फक्त गडद कपडे घालून जावे, कारण पांढरा सदरा पांढऱ्या पडद्यात हरवतो. ४ वर्षांखालील मुलाचा मात्र ४.५ × ३.५ सेंटिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवरील रंगीत फोटो सोबत न्यावा लागतो. खरी कसरत इथेच आहे, कारण डोळे उघडे, तोंड मिटलेले, नजर समोर आणि आईचा हात चौकटीबाहेर, हे सारे एकाच क्षणी जुळावे लागते. माझ्या मते बाळाला पांढऱ्या चादरीवर निजवून वरून फोटो टिपणे सर्वांत सोयीचे. चादरीला सुरकुती आणि कानामागे सावली तेवढी नको. काजळाची तीट त्या दिवशी गालाऐवजी तळपायाला लावावी, आजी रागावल्या तरी.